आपत्तीनंतरची दीर्घकालीन उभारणी आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा भूज येथील जिल्हा रुग्णालयाची इमारतही कोसळली. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कामावर असलेले कर्मचारी तिच्याखाली सापडले. जिल्ह्यातील हजारो माणसे ढिगाऱ्यांत अडकलेली असताना त्यांना जेथे न्यायचे, तेच ठिकाण ढिगारा होऊन बसावे, याहून बिकट परिस्थिती आपत्ती व्यवस्थापनात क्वचितच उद्भवते. लष्कराच्या वैद्यकीय पथकांनी आणि बचावलेल्या डॉक्टरांनी उघड्या मैदानावर उपचार केले. अनेक जखमींना हवाई दलाच्या विमानांतून इतर शहरांत हलवण्यात आले. अधिकृत आकडेवारीनुसार गुजरातमध्ये १३,८०५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १ लाख ६७ हजार जखमी झाली. वृत्तपत्रांच्या आणि पुढे परीक्षार्थींच्याही लक्षात राहतो तो यांपैकी पहिला आकडा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र दुसऱ्या आकड्याकडे अधिक वेळ पाहावे, कारण खर्च वर्षानुवर्षे मागतो तो दुसरा आकडा.

आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पूर्वतयारी, प्रतिसाद, मदत, पुनर्वसन आणि पुनर्उभारणी असे टप्पे एकापुढे एक मांडलेले असतात. उत्तरपत्रिकेतही ते त्याच क्रमाने उतरतात. आपत्कालीन वैद्यकीय सेवेला या क्रमात ‘प्रतिसाद’ या टप्प्यात जागा मिळते आणि पुढच्या टप्प्यांत तिचा उल्लेख सहसा येत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, ही सेवा पुन्हा उभी करणे आणि शक्य तर पूर्वीपेक्षा सक्षम करणे हे दीर्घकालीन उभारणीतील मध्यवर्ती काम आहे. आणि ते मागे पडते याचे मुख्य कारण वैद्यकीय नसून वित्तीय आहे. घर, रस्ता, शाळा यांवर एकदा खर्च करून काम पूर्ण झाल्याचा दाखला देता येतो. रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित माणसावर तो खर्च दरमहा करावा लागतो, आणि असा दाखला कधीच देता येत नाही.

दुखापत किती काळ टिकते?

वैद्यकीय गरजेचे स्वरूप आपत्तीनंतर काळानुसार बदलत जाते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या हातापायांतील स्नायूंच्या पेशी दाबामुळे मरू लागतात. दाब दूर होताच त्या पेशींतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे घटक एकदम रक्तात मिसळतात. पोटॅशियम वाढल्याने हृदयाचे ठोके बिघडून थोड्याच वेळात मृत्यू ओढवू शकतो. मायोग्लोबिनमुळे पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून माणूस बाहेर काढण्यापूर्वीच, तो अडकलेला असतानाच, शिरेतून सलाइन सुरू करणे इष्ट असते आणि पुढे डायलिसिसची सोय लागते. जिवंत बाहेर काढलेला, शुद्धीवर असलेला, पाणी मागणारा माणूस रात्रीपर्यंत दगावतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते. बचावकार्यात यंत्रे किती आणि जवान किती याची मोजदाद होते. त्यांच्यासोबत वैद्यकीय ज्ञान असलेला माणूस होता काय, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. शिवाय जगभरचा अनुभव असा की, भूकंपात जिवंत बाहेर काढल्या जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसांना शेजारीपाजारीच काढतात. बाहेरचे पथक येते तोपर्यंत पहिला, निर्णायक काळ संपत आलेला असतो.

नंतरच्या आठवड्यांत गरज बदलते. केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर पाणी ओसरू लागताच लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढू लागले. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात आलेला जंतू घर साफ करणाऱ्यांच्या पायांवरील जखमांतून शरीरात शिरतो. राज्याच्या आरोग्य यंत्रणेने मदतकार्यातील स्वयंसेवकांना आणि घरे धुणाऱ्या कुटुंबांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. ही कारवाई शक्य झाली ती गावपातळीवर आरोग्य कर्मचाऱ्यांचे जाळे आधीपासून होते म्हणून. याच आठवड्यांत आपत्तीशी संबंध नसलेले रुग्णही असतात, ही बाब सहज विसरली जाते. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन शीतपेटीसह वाहून गेलेले असते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्याचा रस्ता बंद झालेला असतो. बाळंतपणे तर कोणत्याही आपत्तीसाठी थांबत नाहीत.

आणि मग वर्षे येतात. भूकंपात कण्याला इजा झालेल्या माणसाच्या कमरेखालच्या संवेदना गेल्या, तर त्याच्या आयुष्यातील पुढचा धोका भूकंपाचा नसतो. तो मूत्रमार्गाच्या संसर्गाचा आणि अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांचा असतो. घर नवे मिळाले तरी दाराशी दोन पायऱ्या असल्या की चाकांची खुर्ची आत जात नाही. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर असलेली माळवदाची घरे अंगावर आली आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेला हा पुनर्वसन कार्यक्रम त्या काळी जगातील मोठ्या कार्यक्रमांत गणला गेला. नव्या गावांतील आखीव रस्त्यांची आणि घरांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. एका रात्रीत घरातील तीन-चार माणसे गमावलेल्यांच्या मनावरील आघाताला छायाचित्र नसते. जिल्हा पातळीवर मानसोपचाराची सोय त्या काळी अपवादानेच आढळे.

या कालगणनेचे टोकाचे उदाहरण भोपाळचे आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे येत होती, आणि डोळे उघडता न येणाऱ्या, श्वास कोंडलेल्या रुग्णांवर नेमके कोणते उपचार करावेत याची खात्रीशीर माहिती डॉक्टरांना मिळत नव्हती. आपत्कालीन वैद्यकीय सेवेत खाटा आणि औषधे यांच्याइतकीच माहिती हीदेखील सामग्री आहे, हे भोपाळने दाखवले. पुढचा इतिहास हिशेबाचा आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. बाधितांची संख्या लाखांत निघाली आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या वाट्याला मूळ भरपाई आली ती २५ हजार रुपयांची. श्वसनाचा विकार घेऊन जगणाऱ्या माणसाच्या औषधांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि सोबत करणाऱ्या नातेवाइकाच्या बुडालेल्या मजुरीचा एकत्र विचार केला, तर ही रक्कम किती महिने पुरली असेल याचा अंदाज कोणीही करू शकेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बाधितांचा वैद्यकीय पाठपुरावा १९८५ ते १९९४ या काळात केला. भोपाळ स्मारक रुग्णालय २००० मध्ये सुरू झाले. पर्यावरणीय आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था भोपाळमध्येच २०१० मध्ये स्थापन झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर ३८ वर्षांनी, फेटाळली. एका रात्रीच्या आपत्तीचा वैद्यकीय हिशेब चार दशके मिटलेला नाही.

निधीची रचना

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील तिन्ही सूच्यांत ‘आपत्ती व्यवस्थापन’ असा विषय नाही, ही परीक्षार्थींच्या परिचयाची बाब असेल. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा या २३ क्रमांकाच्या विषयाच्या आधारे करण्यात आला. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय मात्र राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहेत. परिणामी आपत्तीसाठीचा निधी मोठ्या प्रमाणात केंद्राने आखलेल्या चौकटीतून येतो, तर जखमी माणूस ज्या दवाखान्यात पोहोचतो तो राज्याच्या नियमित अंदाजपत्रकावर चालतो. या दोन प्रवाहांचे वेळापत्रक आणि नियम निरनिराळे आहेत.

आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये देय ठरले. अवयव किंवा दृष्टी गमावल्यास, अपंगत्व ४० ते ६० टक्के असेल तर ७४ हजार रुपये आणि ६० टक्क्यांहून अधिक असेल तर अडीच लाख रुपये. गंभीर दुखापत होऊन आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास १६ हजार रुपये. त्याहून कमी काळ राहावे लागल्यास ५,४०० रुपये. हे आकडे पाठ करण्याजोगे आहेत, पण त्यामागील गृहीतक अधिक विचार करण्याजोगे आहे. दुखापत ही एकदा मोजून एकदा भरपाई देण्याची वस्तू आहे असे ते गृहीतक होय. मांडीचे हाड मोडलेला शेतमजूर सात दिवसांनी घरी आला काय आणि नवव्या दिवशी आला काय, त्याची सहा महिन्यांची मजुरी दोन्ही बाबतींत बुडते. निकषांच्या दृष्टीने मात्र या दोन माणसांत १०,६०० रुपयांचे अंतर आहे.

उरलेला भार कुटुंबावर पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि शासनाचा आरोग्यावरील खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. सामान्य वर्षात खिशातून होणारा खर्च कर्ज काढून किंवा जनावर विकून भागवला जातो. आपत्तीनंतर साऱ्या गावालाच एकाच महिन्यात जनावरे विकावी लागतात, तेव्हा त्यांना भाव मिळत नाही. मालमत्ता गमावण्याची ही दुसरी फेरी आपत्तीच्या हानी-अहवालात कोठेच दिसत नाही.

या रचनेत एक महत्त्वाचा बदल पंधराव्या वित्त आयोगाने केला. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांचा निधी आयोगाने सुचवला. त्याचा २० टक्के भाग आपत्ती सौम्यीकरणासाठी आणि ८० टक्के भाग प्रतिसादासाठी ठेवला. या ८० टक्क्यांची पुन्हा विभागणी अशी: प्रतिसाद व तातडीची मदत ४०, पुनर्प्राप्ती व पुनर्उभारणी ३०, पूर्वतयारी व क्षमताबांधणी १०. पुनर्उभारणीला स्वतंत्र, आगाऊ ठरलेला वाटा मिळणे ही मोठी सुधारणा होती. त्यापूर्वी पुनर्उभारणीचा पैसा प्रत्येक वेळी नव्याने मागावा लागे. गुजरातच्या भूकंपानंतर पुनर्उभारणीचा खर्च सुमारे १०,६०० कोटी रुपये असा अंदाज जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांनी केला आणि निधीची जुळवाजुळव अशा कर्जांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिली. मात्र पुनर्प्राप्तीच्या वाट्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे गृह मंत्रालयाने काढली ती २०२४ मध्ये. पाच वर्षांच्या शिफारशीतील तीन वर्षे तोवर सरली होती.

तरतुदीचा वाटा ठरला तरी मूळ अडचण उरते. कालबद्ध निधीतून कायम पदे निर्माण करणे कोणत्याही वित्त सचिवाला धोक्याचे वाटते, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. निधी संपल्यावर वेतनाचे दायित्व राज्यावरच येते. म्हणून आपत्तीनंतरच्या प्रस्तावांत इमारत, वाहन, यंत्र यांची यादी लांब असते आणि भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ यांची आखूड.

भूजचे रुग्णालय

भूजमध्ये कोसळलेल्या रुग्णालयाच्या जागी पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून नवे रुग्णालय बांधण्यात आले. जानेवारी २००४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इमारतीचा पाया आणि वरचे बांधकाम यांच्यामध्ये शिसे व रबर यांच्या थरांचे आधार बसवलेले आहेत. जमीन हादरली तर हे आधार लवचीकपणे हलतात आणि इमारतीवर येणारा धक्का कमी होतो. भूकंपरोधनाचे हे तंत्र वापरून बांधलेले ते भारतातील पहिले रुग्णालय होय. भूकंपानंतरही शस्त्रक्रियागृह चालू राहिले पाहिजे, हा त्यामागील विचार योग्यच होता. रुग्णालय म्हणजे सामान्य सरकारी कचेरी नव्हे. कचेरी आठ दिवस बंद राहिली तर चालते.

परंतु कच्छ हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. ४५,६५२ चौरस किलोमीटर क्षेत्रात एक उत्तम इमारत उभी राहिली, तरी लखपत तालुक्यातील गावापासून तेथे पोहोचण्याचे अंतर कमी होत नाही. शिवाय अशा दूरच्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टरांनी येऊन टिकणे, हा शिसे-रबराच्या आधारांपेक्षा कठीण प्रश्न आहे. २००९ पासून हे रुग्णालय खासगी सहभागातून चालणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडण्यात आले. या प्रतिमानाच्या गुणदोषांवर मतभेद आहेत आणि असावेत. येथे नोंदवायचे ते इतकेच की, आपत्तीनंतर आठ वर्षांनी जो प्रश्न सोडवावा लागला, तो मनुष्यबळाचा आणि चालू खर्चाचा होता.

घरांच्या बाबतीत कच्छने चांगला धडा घालून दिला, हेही सांगितले पाहिजे. मालकाने स्वतः घर बांधावे, शासनाने हप्त्याहप्त्याने पैसे व अभियंत्याचे मार्गदर्शन द्यावे, ही पद्धत तेथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि दोन लाखांवर घरे पुन्हा उभी राहिली. ही पद्धत यशस्वी झाली याचे कारण घराची गरज प्रत्येक कुटुंबाला स्वतः ओळखता येते आणि घर बांधून होते. आपत्कालीन सेवा अशी कुटुंबागणिक वाटून देता येत नाही. ती सामूहिक वस्तू आहे आणि तिची गरज कोणाला केव्हा पडेल हे आगाऊ कोणालाच ठाऊक नसते.

रुग्णवाहिका आणि तिच्यातील माणूस

देशात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची सुरुवात ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबाद येथून झाली. गुजरातमध्ये ती २००७ मध्ये आली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्कालीन वैद्यकीय सेवांसाठी स्वतंत्र कायदाही केला. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह ही सेवा सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक सुविधांच्या आणि उर्वरित मूलभूत सुविधांच्या होत्या. तत्पूर्वी बहुतांश भारतात रुग्णवाहिका म्हणजे पांढरे वाहन, निळा किंवा लाल दिवा आणि चालक. अत्यवस्थ माणूस टेम्पोत, रिक्षात, बैलगाडीत, खाटेवर उचलूनच रुग्णालयात येत असे. दुर्गम भागात आजही येतो.

या सेवेचा विस्तार राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे झाला. त्यातील अर्थसाहाय्याची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. वाहनांच्या खरेदीसाठी केंद्राचे साहाय्य मिळे, आणि चालू खर्चात केंद्राचा वाटा पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० टक्के आणि त्यानंतर २० टक्के असा उतरता होता. राज्यांनी हळूहळू भार उचलावा हा हेतू रास्त होता. पण ज्या राज्यांचा महसूल तोकडा, त्याच राज्यांत रस्ते लांब आणि रुग्णालये विरळ असतात. अशा ठिकाणी चौथ्या-पाचव्या वर्षी वाहने असतात. टायर, इंधन, ऑक्सिजनची नळकांडी आणि वेतन यांची मात्र ओढाताण सुरू होते. ज्या जिल्ह्यात आपत्ती येऊन गेली आहे, तेथे स्थानिक अर्थव्यवहारच मंदावलेला असल्याने ही ओढाताण अधिक तीव्र असते.

वाहनातील माणसाचा प्रश्न याहून जुना आहे. नीती आयोग आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःच्या रुग्णवाहिका आढळल्या. त्यांवर काम करण्यासाठी प्रशिक्षित सहायक वैद्यकीय कर्मचारी केवळ ३४ टक्के रुग्णालयांत होते. आपत्कालीन वैद्यक या विषयाला पदव्युत्तर शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता २००९ मध्ये मिळाली, म्हणजे १०८ सेवा सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी. रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञांसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला तो २०२१ मध्ये. तोवर अपघातस्थळी श्वासनलिका मोकळी करणाऱ्या माणसाला व्यवसाय म्हणून देशपातळीवर कायदेशीर ओळख नव्हती. कंत्राटी नेमणूक, बारा-बारा तासांची पाळी आणि बढतीचा अभाव असलेल्या नोकरीत अनुभवी माणूस टिकत नाही. आपत्तीच्या दिवशी नेमका अनुभवच लागतो.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी संकल्पना उपयोगी पडते. वीजनिर्मितीत सर्वाधिक मागणीच्या तासासाठी काही क्षमता एरवी रिकामी ठेवावी लागते. अग्निशमन दलाचेही तसेच. रुग्णवाहिकेच्या कंत्राटात मोबदला फेऱ्यांवर दिला, तर फेऱ्या वाढवण्याकडे कल राहतो. उभ्या वाहनाकडे अपव्यय म्हणून पाहिले जाते आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येतो. वस्तुतः तयार स्थितीत उभे असलेले वाहन हा विम्याचा हप्ता आहे. जिल्ह्यात दररोजच्या कामालाच वाहने पुरत नसतील, तर आपत्तीच्या दिवशी जादा क्षमता कोठून येणार? ती शेजारच्या जिल्ह्यांतून आणावी लागते, आणि त्या वेळी रस्ते खचलेले असतात.

ओडिशाचा अनुभव

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. राष्ट्रीय कायदा होण्यास अजून सहा वर्षे होती. ऑक्टोबर २०१३ मधील फायलीन वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांत राहिली. मे २०१९ मधील फनी वादळात बारा लाखांचे स्थलांतर झाले, बळी ६४. हे आकडे सर्वपरिचित आहेत. तितकासा परिचित नसलेला तपशील ऑक्टोबर २०२४ मधील दाना वादळाचा आहे. राज्य शासनाने दिलेल्या माहितीनुसार वादळ किनाऱ्यावर येण्यापूर्वीच चार हजारांवर गर्भवती स्त्रियांना रुग्णालयांत आणि प्रसूती केंद्रांत हलवण्यात आले, आणि त्यांपैकी सुमारे सोळाशे स्त्रिया तेथे बाळंत झाल्या.

हे एका दिवसात साधत नाही. कोणत्या गावातील कोणत्या स्त्रीचे दिवस भरत आले आहेत, ही यादी आशा कार्यकर्तीच्या वहीत आधीपासून असावी लागते. त्या स्त्रीला न्यायला वाहन आणि पोहोचल्यावर परिचारिका असावी लागते. वादळी रात्री पाणी भरलेल्या रस्त्यावर शेकडो आणीबाणीचे प्रसंग उद्भवले असते. ते आदल्या दिवशीच्या साध्या प्रवासात रूपांतरित झाले. दैनंदिन आरोग्यसेवेवर पंचवीस वर्षे झालेल्या खर्चाचा तो परतावा आहे. आपत्तीच्या लेख्यांत मात्र त्याची नोंद कोणत्याच शीर्षाखाली सापडत नाही.

खर्च कोणाचा?

अत्यवस्थ रुग्णाला उपचार नाकारता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये आणि पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात अनुच्छेद २१ च्या आधारे स्पष्ट केले. विधी आयोगाने २००६ मधील २०१ व्या अहवालात आपत्कालीन उपचारांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला. कर्तव्य निश्चित झाले. त्याचा खर्च कोणी द्यावा हे बराच काळ अनिश्चित राहिले. रस्ते अपघातांपुरते याचे उत्तर आता मिळाले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीच्या आधारे मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. पूर, भूकंप, दरड यांतील जखमींसाठीही याच धर्तीवर देशभर एकसमान तरतूद करता येईल. मात्र सात दिवसांची मर्यादा तेथे अपुरी पडेल. कण्याची इजा किंवा मोडलेली मांडी सात दिवसांत आटोपत नाही.

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरडी कोसळल्या. चूरलमलाचा पूल वाहून गेल्याने पलीकडचे जखमी तुटले. १९० फूट लांबीचा बेली पूल लष्कराने १ ऑगस्ट रोजी पूर्ण केला, तोवर रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर उभ्या होत्या. वाचलेल्या कुटुंबांसाठी कल्पेट्टा येथील एल्स्टन मळ्याच्या जागेवर नवी वसाहत आखण्यात आली आणि मार्च २०२५ मध्ये तिची पायाभरणी झाली. वसाहतीच्या आराखड्यात घरांबरोबर आरोग्य केंद्रही दाखवलेले आहे. ते बांधण्याचा पैसा वसाहतीच्या निधीत आहे. तेथील परिचारिकेचे वेतन राज्याच्या आरोग्य विभागाच्या महसुली अंदाजपत्रकात, दरवर्षी नव्याने, दाखवावे लागेल.